दिनो झोफ : गोलपोस्टमधला कप्तान

आज आपण एका गोलरक्षकाची कारकीर्द पाहणार आहोत. विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी आम्हाला विचारलं, की फुटबॉलवर बोलायचं तर पेले आहे, मॅराडोना आहे, मेस्सी आहे. गोलकीपरवर तासभर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. गल्लीत खेळताना गोलमध्ये कोणाला उभं करतात, हे आपल्याला ठाऊक आहे. जो सगळ्यात लहान असतो त्याला, नाहीतर ज्याला धड पळता येत नाही त्याला. हा विषय घेण्यामागचं कारणही तेच आहे.

आधी एक हिशेब सांगतो. 1930 ते 2022 या काळात पुरुषांच्या विश्वचषकाच्या 22 स्पर्धा झाल्या. त्यांत विजेत्या संघाचा कप्तान गोलरक्षक होता, असं फक्त चार वेळा घडलं. 1934 मध्ये इटलीचा जाम्पिएरो कोम्बी, 1982 मध्ये इटलीचाच दिनो झोफ, 2010 मध्ये स्पेनचा इकेर कासियास आणि 2018 मध्ये फ्रान्सचा ह्यूगो लोरिस. आपल्याकडे गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर 1980 च्या दशकात भारताचे गोलरक्षक आणि कप्तान होते. 1997 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. म्हणजे असे कप्तान होतात, पण क्वचित.

क्वचित का, ते समजायला सोपं आहे. कप्तानाने पंचांशी बोलायचं, सहकाऱ्यांना हाकायचं, पडत्या वेळी पुढे होऊन खेळ ओढून न्यायचा, अशी आपली कल्पना असते. गोलरक्षक तर मैदानाच्या एका टोकाला. समोरच्या गोलपाशी काही वाद झाला, तर त्याला तिथवर पोचायला शंभर मीटर पळावं लागेल. 2024 च्या युरो स्पर्धेत पंचांशी फक्त कप्तानानेच बोलायचं असा दंडक केला, तेव्हा कप्तान गोलरक्षक असेल तर त्याच्या जागी बोलायला मैदानातला दुसरा खेळाडू नेमायची सोय ठेवावी लागली ती यामुळेच.

मग गोलरक्षकाच्या कप्तानपणात असतं तरी काय? झोफच्या कारकिर्दीतून आपण हाच प्रश्न सोडवायचा आहे. आणि ती कारकीर्द आपण त्याने अडवलेल्या चेंडूंपेक्षा त्याच्या हातून सुटलेल्या चेंडूंवरून पाहणार आहोत.

फळ्यावर हा आयत काढला आहे. गोलची रुंदी 7.32 मीटर, उंची 2.44 मीटर. म्हणजे जवळजवळ 18 चौरस मीटर जागा, आणि ती राखायला एक माणूस. पेनल्टीचा चेंडू 11 मीटरवरून ताशी 100 किलोमीटर वेगाने आला, तर तो साधारण 0.4 सेकंदात रेषेवर पोचतो. अशा वेळी गोल झाला तर कोणी गोलरक्षकाला बोल लावत नाही. आता तोच चेंडू 35 मीटरवरून मारला असं समजा. सव्वा सेकंदाहून जास्त वेळ मिळतो. प्रेक्षकाला वाटतं, एवढा वेळ होता, झोपला होता काय? खरं तर मध्ये आठ-दहा माणसं असतात, चेंडू पायातून सुटतो तो क्षण कधी दिसतच नाही, आणि हवेत तो वळतो. पण लोकांच्या डोळ्यांत गोलरक्षकाची सर्वांत मोठी लाज म्हणजे लांबून झालेला गोल. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीनदा लागणार आहे.

दिनो झोफचा जन्म 28 फेब्रुवारी 1942 चा, ईशान्य इटलीतल्या फ्रिउली प्रांतात, मारियानो देल फ्रिउली नावाच्या गावी. घर शेतकऱ्याचं. चौदाव्या वर्षी इंटर आणि युव्हेंटस या दोन्ही मोठ्या क्लबांनी त्याला पाहिलं आणि उंची कमी म्हणून परत पाठवलं. आजी आदेलाइदेने त्यावर रोज आठ अंडी खायचा उपाय सांगितला. पुढच्या पाच वर्षांत पोरगा 33 सेंटीमीटर वाढला. अंड्यांनी वाढला की वयाने, ते आजीला कोण विचारणार! पण ज्या युव्हेंटसने नको म्हटलं होतं, त्याच क्लबचा तो पुढे अकरा वर्षं गोलरक्षक होता.

त्याच्या वडिलांची एक गोष्ट झोफ स्वतः सांगत आला आहे. एकदा गोल खाऊन घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, हा गोल कसा झाला? पोरगा म्हणाला, तो तिथून मारेल असं वाटलं नव्हतं. त्यावर वडिलांचा सवाल असा की, का बरं, तुझा धंदा काय आहे, औषधं विकायचा? म्हणजे अपेक्षा करणं हेच ज्याचं काम, त्याने अपेक्षा नव्हती ही सबब सांगायची नाही. शेतकरी बापाचं बोलणं आहे, त्यात लाड नाहीत.

उदिनेसे क्लबकडून त्याने इटलीच्या सर्वोच्च साखळीत, म्हणजे सेरी आ मध्ये, पहिला सामना खेळला तो सप्टेंबर 1961 मध्ये, फिओरेंतिनाविरुद्ध. निकाल 5-2. पाच गोल पोरावर. त्या मोसमाअखेर उदिनेसे खालच्या साखळीत ढकलला गेला. 1963 मध्ये झोफ मांतोवा या छोट्या क्लबात गेला आणि चार वर्षं तिथे राहिला. वयाच्या पंचविशीपर्यंत या माणसाच्या नावावर लोकांनी बोलावं असं फारसं काही नव्हतं.

याच काळातला एक सामना सांगायला हवा. 1 जून 1967, साखळीचा शेवटचा दिवस. विजेतेपदासाठी झगडणारा इंटर मांतोवात खेळायला आला होता. इंटरचा गोलरक्षक होता जुलिआनो सार्ती. आठवड्यापूर्वीच लिस्बनला युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात इंटर सेल्टिककडून हरला होता, पण त्या दिवशी सार्तीने एकामागून एक चेंडू अडवून संघाची लाज राखली होती. इथे मांतोवात मात्र एक साधा फटका त्याच्या हातून निसटला. मांतोवा 1, इंटर 0. विजेतेपद युव्हेंटसकडे गेलं. त्या दिवशी समोरच्या गोलमध्ये झोफ उभा होता. आघाडीच्या खेळाडूने पाच संधी घालवून सहावीवर गोल केला, तर तो नायक होतो. गोलरक्षकाने पाच अडवून सहावा सोडला, तर तेवढाच सहावा इतिहासात राहतो. हा उलटा हिशेब झोफने नव्वद मीटरवरून पाहिला.

1967 मध्ये तो नापोलीत आला आणि इथून चित्र पालटतं. 20 एप्रिल 1968 रोजी नेपल्समध्येच, बल्गेरियाविरुद्ध, तो इटलीकडून पहिल्यांदा खेळला. त्याच उन्हाळ्यात इटली युरोपचा विजेता झाला. पण 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात पुन्हा राखीव खेळाडूंच्या बाकावर. गोलमध्ये एन्रिको आल्बेर्तोसी. 1972 मध्ये युव्हेंटसने त्याला घेतलं, तेव्हा तो तीस वर्षांचा होता. इतर खेळाडू जिथे उतरणीला लागतात, तिथे याची चढण सुरू झाली.

आता दोन आकडे. 1972 ते 1983 या अकरा मोसमांत युव्हेंटस साखळीतले 330 सामने खेळला. झोफ किती खेळला? 330. सर्दी, ताप, बोटाला मार, काहीही असो, एकही चुकवला नाही. या काळात क्लबने साखळी सहा वेळा जिंकली आणि 1977 मध्ये यूएफा कपही. या आकड्याची एक दुसरी बाजू आहे, ती कोणी सांगत नाही. त्याच्या मागे राखीव गोलरक्षक म्हणून जान्कार्लो आलेस्सांद्रेल्ली वर्षानुवर्षं बसून होता. 1979 च्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यात युव्हेंटस आवेल्लिनोविरुद्ध 3-0 ने पुढे असताना झोफ बाहेर आला आणि याला संधी मिळाली. सामना संपला 3-3. युव्हेंटसकडून साखळीतला तो त्याचा एकमेव सामना. फलंदाजीच्या फळीत सहा जागा असतात, गोलमध्ये एकच. एकाचं सातत्य म्हणजे दुसऱ्याची न झालेली कारकीर्द.

दुसरा आकडा 1142. सप्टेंबर 1972 पासून जून 1974 पर्यंत इटलीकडून खेळताना झोफने 1142 मिनिटं गोल होऊ दिला नाही. यात ब्राझील आहे, आणि वेम्बलीवर इंग्लंडला हरवलं तो नोव्हेंबर 1973 चा सामनाही आहे. ही साखळी तोडली कोणी? जर्मनीने नाही, ब्राझीलने नाही. 15 जून 1974, म्युनिक, विश्वचषकाचा सामना, समोर हैती. उत्तरार्ध सुरू होताच इमॅन्युएल सॅनॉन बचावाला मागे टाकून पळाला, झोफला चकवलं आणि रिकाम्या गोलमध्ये चेंडू सारला. इटलीने सामना 3-1 असा जिंकला, पण पहिल्याच फेरीत स्पर्धेबाहेर गेला. हैतीत मात्र त्या एका गोलसाठी सॅनॉनचं नाव अजून घेतात.

जिआचिंतो फाक्केत्ती निवृत्त झाल्यावर झोफ इटलीचा कप्तान झाला आणि 1978 मध्ये अर्जेंटिनाला गेला. वय 36. पहिले तिन्ही सामने इटलीने जिंकले, यजमान अर्जेंटिनालाही हरवलं. मग नेदरलँड्सविरुद्ध, जिंकलं तर अंतिम फेरी अशी स्थिती. इटली 1-0 पुढे. उत्तरार्धात ब्रांट्सने लांबून मारलेला चेंडू आत गेला, आणि मग आरी हानने तर पस्तीसेक मीटरवरून मारलेला चेंडू खांबाला लागून आत गेला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ब्राझीलचा नेलिन्यो आणि दिरसेऊ, पुन्हा दोन्ही गोल लांबून. चार गोल, चारही लांबचे. इटलीत एकच चर्चा सुरू झाली: म्हाताऱ्याला दिसत नाही, त्याला बसवा.

इथे आपण थोडं थांबू. झोफपुढे सबबी भरपूर होत्या. बचावपटूंनी मारणाऱ्याला मोकळं सोडलं होतं, हानचा फटका तर कोणालाही चकवणारा होता. पण या पराभवाचा दोष त्याने इतर कोणावर ढकलला नाही. प्रशिक्षक एन्झो बेअर्झोत यांनी त्याला काढलंही नाही. दोघंही फ्रिउलीचे, दोघंही कमी बोलणारे. पुढची चार वर्षं गोलरक्षक तोच आणि कप्तानही तोच.

1982, स्पेन. आता झोफ 40 वर्षांचा. पोलंडशी 0-0, पेरूशी 1-1, कॅमेरूनशी 1-1. तीन सामने, तीन बरोबरी. कॅमेरूनचंही तसंच, फक्त इटलीचे गोल दोन आणि त्यांचा एक, एवढ्यावर इटली पुढे सरकला. मायदेशी वर्तमानपत्रांनी झोडपून काढलं. खेळ, बक्षिसाचे पैसे, खेळाडूंचं खाजगी आयुष्य, काही सोडलं नाही. शेवटी संघाने ठरवलं, की पत्रकारांशी कोणी बोलायचं नाही, एकटा कप्तान बोलेल. म्हणजे संघातला सगळ्यात अबोल माणूस बोलायला पुढे केला. तो येई, दोन वाक्यं बोले, निघून जाई. छापायला खमंग असं काही मिळेना. रागाची, टोमण्यांची सगळी वाट त्या एका माणसापाशी येऊन थांबे आणि आतले एकवीस जण सरावाला मोकळे राहत. आमच्या मते गोलरक्षकाच्या कप्तानपणाची व्याख्या इथे सापडते. मैदानात तो जे करतो, तेच त्याने मैदानाबाहेर केलं. आलेलं अंगावर घेतलं आणि मागे जाऊ दिलं नाही.

मग अर्जेंटिनाला 2-1 हरवलं, आणि 5 जुलैला बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर ब्राझील. ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती, इटलीला जिंकायलाच हवं होतं. पाओलो रॉसीचे तीन गोल सगळ्यांना माहीत असतात. सॉक्रेटिसने केलेला ब्राझीलचा पहिला गोल मात्र झोफ आणि जवळचा खांब यांच्यामधून गेला होता, म्हणजे त्या दिवशीही तो निर्दोष नव्हता. 3-2. शेवटची एक-दोन मिनिटं. डावीकडून एडरने फ्री किक उचलली, ऑस्करने डोक्याने चेंडू खाली, गोलच्या कोपऱ्याकडे मारला. झोफ डावीकडे झेपावला आणि चेंडू रेषेवर दाबून धरला.

दाबून धरला, हा शब्द महत्त्वाचा. चेंडू नुसता ढकलला असता, तर समोर ब्राझीलचे खेळाडू उभेच होते, परतलेला चेंडू आत गेला असता. शिवाय ब्राझीलच्या खेळाडूंनी गोल, गोल म्हणून हात वर केले होते. तेव्हा रेषेवर कॅमेरे नव्हते, जे काही होतं ते पंच अब्राहम क्लाइन यांचे आणि रेषापंचाचे डोळे. झोफ धडपडत उठला नाही, चेंडू आत ओढला जाणार नाही अशा बेताने तो तिथेच धरून राहिला. पंचांनी गोल दिला नाही. सामना संपल्यावर मैदानातून जाताना या माणसाने बेअर्झोत यांच्या गालावर पटकन ओठ टेकवले, काही बोलला नाही. चार वर्षांपूर्वी ज्यांनी काढलं नाही, त्यांना द्यायचं ते देऊन झालं.

पुढचं झटकन सांगतो. पोलंडवर 2-0, आणि 11 जुलैला माद्रिदमध्ये अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीवर 3-1. विश्वचषक जिंकणारा सर्वांत वयस्क खेळाडू हा मान तेव्हापासून झोफकडे आहे. चित्रकार रेनातो गुत्तुसो यांनी इटलीच्या टपाल तिकिटासाठी त्याचे करंडक उचललेले दोन हात चितारले, चेहरा नाही. परतीच्या विमानात राष्ट्राध्यक्ष सान्द्रो पेर्तिनी आणि झोफ एका बाजूला, बेअर्झोत आणि कौसिओ दुसऱ्या बाजूला, असा पत्त्यांचा डाव रंगला; मध्ये टेबलावर विश्वचषक. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. पण आदल्या रात्री, सगळे जल्लोष करत असताना, झोफ आणि त्याचा खोलीतला सोबती गाएतानो शिरेआ हॉटेलवर परतून शांत बसले होते, ही गोष्ट त्याने पुढे बऱ्याचदा सांगितली. 1989 मध्ये झोफ युव्हेंटसचा प्रशिक्षक आणि शिरेआ त्याचा साहाय्यक असताना, पोलंडमध्ये प्रतिस्पर्धी संघ पाहायला गेलेला शिरेआ मोटार अपघातात गेला.

कथा इथे संपवली असती तर गोड झालं असतं. पण 25 मे 1983 ला अथेन्समध्ये युरोपियन कपचा अंतिम सामना झाला. युव्हेंटसकडे प्लातिनी, रॉसी, बोनिएक, सगळे. समोर हॅम्बुर्ग. नवव्या मिनिटाच्या आतच फेलिक्स मागाथने पेनल्टी क्षेत्राबाहेरून फटका मारला. लांबून. आत गेला. सामना 1-0. चार दिवसांनी स्वीडनविरुद्ध तो इटलीकडून 112 वा आणि शेवटचा सामना खेळला, तोही हरला. त्याच उन्हाळ्यात तो निवृत्त झाला. 112 पैकी 59 सामन्यांत तो कप्तान होता.

1978 चे लांबचे चार गोल, 1983 चा लांबचा एक, आणि मध्ये रेषेवर धरलेला तो चेंडू. आपल्या आत्मचरित्राला त्याने जे नाव दिलं, त्याचा अर्थ होतो, कीर्ती टिकते ती क्षणभरच. ते त्याने उगाच दिलेलं नसावं. आता तुमचे प्रश्न घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : 1142 मिनिटांचं श्रेय एकट्या झोफला द्यावं का? इटलीचा बचाव तर प्रसिद्धच.

उत्तर : एकट्याला देऊ नयेच. तेव्हाच्या इटलीच्या पद्धतीत बचावफळीच्या मागे एक मोकळा खेळाडू असे, निसटलेलं सगळं साफ करायला. त्यामुळे झोफकडे कमी चेंडू येत. पण त्याचीही एक अडचण असते. अर्धा तास काहीच आलं नाही आणि मग अचानक एक आलं, तर ते अडवणं जास्त कठीण. रेल्वे फाटकावरच्या गेटमनला विचारा, गाड्या सतत असल्या की झोप येत नाही. शिवाय झोफ जागेवर बरोबर उभा राहून चेंडू धरायचा, त्यामुळे हवेत सूर मारायची वेळ त्याच्यावर कमी यायची. बघायला ते साधं दिसतं.

प्रश्न : आजच्या फुटबॉलमध्ये तो टिकला असता?

उत्तर : 1992 पर्यंत सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षक हातात घेऊ शकत असे. मग तो नियम बदलला. आज गोलरक्षकाला पायाने खेळावं लागतं, हल्ल्याची सुरुवात करावी लागते. झोफ हातांचा माणूस होता, त्याला हे नव्याने शिकावं लागलं असतं. पण रेषेवरचं काम बदललेलं नाही. गोल अजून 7.32 मीटरच रुंद आहे.

प्रश्न : प्रशिक्षक म्हणूनही तो असाच होता का?

उत्तर : बऱ्याच अंशी. 1990 मध्ये युव्हेंटसला त्याने यूएफा कप आणि इटालियन कप जिंकून दिला. 2000 च्या युरो स्पर्धेत इटलीला अंतिम फेरीत नेलं. तिथे शेवटच्या क्षणी फ्रान्सने बरोबरी साधली आणि जादा वेळेत ट्रेझेगेने गोल केला. दुसऱ्या दिवशी सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी झिदानला मोकळा सोडला म्हणून जाहीर टीका केली. झोफने राजीनामा दिला. गोलवरची टीका त्याने आयुष्यभर गिळली होती. पण आपल्या कामाचा मान राखला गेला नाही, असं वाटलं तेव्हा तो एक दिवसही थांबायला तयार नव्हता. हा फरक आम्हाला त्याच्या कारकिर्दीत सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो.

वेळ संपली आहे, इथे थांबू या.